मुलांना घेऊन तीन-साडेतीन महिने परदेशात: तिकिटाआधीची कामं आणि त्यांचा क्रम

मला येणाऱ्या फोनांची सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते: "तिकिटं काढून टाकली आहेत, आता पुढे काय करू?" घोळ तिथेच झालेला असतो. मग कळतं की धाकट्याचा पासपोर्ट मध्येच संपतोय, शाळा म्हणते परीक्षेला हजर राहा, आणि व्हिसाची भेटीची तारीख विमान उडाल्यानंतरची मिळते. आठ-दहा दिवसांच्या सहलीत अशी चूक पैसे घालून सावरता येते. तीन महिन्यांच्या प्रवासात एक तारीख हलली की मागच्या सगळ्या हलतात.

म्हणून कामं क्रमाने करा: शाळा, पासपोर्ट, मार्ग, व्हिसा, मग तिकीट. उदाहरण आमचंच देते. पुण्यातलं चौघांचं घर, राज्य मंडळाची शाळा. थोरली सहावीची परीक्षा संपवून सातवीत जाणार, धाकटा तिसरी संपवून चौथीत. २८ एप्रिलला निघून १० ऑगस्टला परत, म्हणजे १०५ दिवस. पाच आठवडे व्हिएतनाम, तीन आठवडे मलेशिया आणि सात आठवडे इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी.

## टप्पा १: शाळा (निघण्याआधी नऊ-दहा महिने)

पहिलं काम म्हणजे शाळेचं वार्षिक वेळापत्रक समोर ठेवून कोणते दिवस बुडतात ते मोजणं. राज्य मंडळाच्या शाळा एप्रिलअखेर सुटतात आणि जूनच्या मध्याला भरतात. विदर्भात थोड्या उशिरा. आमच्या १०५ दिवसांपैकी शाळेचे गेले फक्त जूनच्या मध्यापासून १० ऑगस्टपर्यंतचे, साधारण ४५ ते ४८ दिवस. सीबीएसईचं गणित वेगळं आहे. तिथे नवीन वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे तेच १०५ दिवस जास्त महाग पडतात.

आता हजेरी. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाचे किमान कामाचे दिवस पहिली ते पाचवीला २००, सहावी ते आठवीला २२०. दोनशेतले ४८ गेले तर उरले १५२, म्हणजे ७६ टक्के. ७५ टक्के हजेरीची अट मुख्यतः दहावी-बारावीच्या बोर्डासाठी असते, पण बऱ्याच शाळा खालच्या वर्गांनाही तोच आकडा लावतात. म्हणजे परतल्यावर मुलाला आठवडाभर ताप आला की तुम्ही रेषेखाली. हा हिशेब तुम्ही स्वतः कागदावर मांडून मुख्याध्यापकांकडे न्या. "बघा ना काहीतरी" म्हणत गेलात तर उत्तरही तसंच गुळमुळीत मिळतं.

वर्ष निवडतानाही डोकं लावा. महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आता खरी परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. त्या वर्षी जायचं असेल तर परीक्षेचा काळ मोकळाच ठेवा. नववीत जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दहावीचा तर विषयच नाही.

शाळेला अर्ज लेखी द्या. त्यात निघण्याची आणि परत हजर होण्याची तारीख, हजेरीपटावर नाव कायम ठेवण्याची विनंती, त्या काळातली फी भरल्याचा किंवा भरणार असल्याचा उल्लेख, आणि बुडणारी घटक चाचणी कशी भरून काढायची हा प्रश्न, एवढं असू द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. आमच्या बाई वर्गशिक्षिका म्हणून फार चांगल्या होत्या, सगळं तोंडी ठरलं होतं. मे महिन्यात त्यांची बदली दुसऱ्या शाखेत झाली. पोच होती म्हणून नव्या बाईंना नव्याने काही पटवावं लागलं नाही.

त्याच खेपेत दोन कागद मागून घ्या: बोनाफाईड आणि सुट्टीला शाळेची हरकत नसल्याचं पत्र. दोन्ही इंग्रजीत, लेटरहेडवर, मुलाचं नाव पासपोर्टप्रमाणे लिहिलेलं. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अर्जाला लागतात.

सावधान: "तीन महिने नाही ना, मग दाखला काढून घ्या, आल्यावर पुन्हा प्रवेश देऊ" असं कुणी सुचवलं तर दाखला काढू नका. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की तुमची जागा गेली. पुढचा प्रवेश हा नवा प्रवेश, नवी फी, आणि जागा असेल तरच. आरटीईच्या २५ टक्क्यांतून प्रवेश झालेला असेल तर ही चूक अजिबात परवडणार नाही.

## टप्पा २: पासपोर्ट आणि नावांची जुळणी (आठ महिने)

मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांचा फक्त पाच वर्षांचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे विसरतात, कारण चौघांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले असतात आणि आपण आपलाच उघडून पाहतो. चारही पासपोर्ट उघडा आणि संपण्याच्या तारखा एका कागदावर लिहा.

किती वैधता हवी? बरेच आशियाई देश, मलेशियासुद्धा, प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मागतात. शेंगेन देशांना तिथून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तीन महिने लागतात, शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी हवीत. मी सोपा नियम ठेवते: घरी परतायच्या तारखेपुढे सहा महिने. तेवढे नसतील तर आत्ताच नूतनीकरण करा. मुलाच्या अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र अ‍ॅनेक्शर डी जोडावं लागतं. दोघांपैकी एकाची संमती मिळू शकत नसेल तर अ‍ॅनेक्शर सी.

यानंतर नावं. आपल्याकडे शाळेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर दोन रकाने: आडनाव एकीकडे, आणि दुसऱ्या रकान्यात बहुधा नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. आईच्या पासपोर्टवर कधी माहेरचं नाव, मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं सासरचं. जन्माच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसणं ही तर घरोघरची गोष्ट आहे. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नसतं, आणि नंतर कोणी महापालिकेत जात नाही. ते नाव आता घालून घ्या. आईच्या दोन नावांसाठी विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तोही आताच भरून घ्या. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटकांना प्रवेश बंद केला आहे. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव असेल तरच सवलत मिळते.

तपासा: प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि शाळेचं पत्र शेजारी ठेवा. स्पेलिंग अक्षर न अक्षर तेच आहे का? "दीक्षित"मधला पहिला स्वर एके ठिकाणी एक आय आणि दुसरीकडे दोन ई, एवढं अडकायला पुरतं.

आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन जाणार असतील, किंवा एकजण मध्येच परत येणार असेल, तर दुसऱ्याचं संमतिपत्र इंग्रजीत लिहून नोटरी करा आणि सोबत त्याच्या पासपोर्टची प्रत ठेवा. आमच्याकडे हे जूनमध्ये झालं. नवऱ्याला दहा दिवस ऑफिसच्या कामासाठी पुण्यात यावं लागलं आणि मी दोन मुलांसह क्वालालंपूरहून मिलानला गेले. पत्र कोणी मागितलं नाही. पण मागितलं असतं तर माझ्याकडे होतं.

## टप्पा ३: मार्ग आणि दिवस (सात महिने)

इथे नकाशापेक्षा कॅलेंडर जास्त कामाचं. प्रत्येक देशात किती दिवस राहायची परवानगी आहे त्यावर मार्ग ठरतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा १५ ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, म्हणून आमचा लांब आशियाई मुक्काम तिथे. मलेशियात भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत सध्या २०२६ च्या अखेरपर्यंत आहे. त्यासाठी तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र प्रत्येकाचं वेगळं भरायचं, मुलांचंही.

शेंगेनचा नियम लोक हमखास चुकीचा लावतात. कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवस. हे ९० दिवस सगळ्या शेंगेन देशांचे मिळून मोजतात. पोचल्याचा दिवसही धरायचा आणि निघाल्याचाही. इटलीत ४५ आणि जर्मनीत ६० असं चालत नाही. बल्गेरिया आणि रोमानियाही १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आले, त्यामुळे "चार दिवस रोमानियात काढू, ते मोजत नाहीत" हा जुना सल्ला आता बाद आहे. पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी यंत्रणा १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, पण दिवस त्यांचेही मोजले जातात.

मुलांसाठी माझा एकच आग्रह: एका गावात किमान आठ दिवस. "तीन दिवस हनोई, दोन दिवस सापा, दोन दिवस हा लाँग" असा तक्ता दहा दिवसांच्या सहलीत चालतो. तीन महिने असं केलंत तर पाचव्या आठवड्यात मुलं आजारी पडतात किंवा एकमेकांच्या उरावर बसतात. आमच्याकडे दोन्ही झालं, म्हणून पुढचे बेत कापून दा लातला अकरा दिवस राहिलो. व्हिएतनाममधलंच पंधराशे मीटर उंचीवरचं गाव, मे महिन्यातही हवा थंड. मुलांना रोजचा बाजार, रोजचा ब्रेडवाला आणि रोजचं मांजर मिळालं.

## टप्पा ४: व्हिसा (सहा ते तीन महिने)

क्रम असा ठेवा: ज्या व्हिसासाठी प्रत्यक्ष पासपोर्ट जमा करावा लागतो तो आधी, ई-व्हिसा नंतर. शेंगेनसाठी पासपोर्ट दोन-तीन आठवडे अडकतो, कधी जास्तही. लंडनलाही जायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि त्यालाही तोच पासपोर्ट. दोन्ही एकाच महिन्यात उरकू म्हणणाऱ्यांची फजिती इथे होते.

शेंगेनचा अर्ज प्रवेशाच्या तारखेआधी सहा महिन्यांपासून करता येतो. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वाधिक दिवस राहणार. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. ज्या देशाची भेटीची तारीख लवकर मिळते त्याच्याकडे अर्ज करणं हा उपाय नाही, नकाराला आमंत्रण आहे. अर्ज आपण राहतो त्या देशातून करायचा असतो, त्यामुळे "आधी मलेशियात जाऊ, तिथून शेंगेन काढू" हेही डोक्यातून काढा. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना काही नाही. वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राची सेवा फी वेगळी.

मुलांच्या अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या, जन्मदाखला, शाळेचं पत्र. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांसाठी, आणि पहिल्या ते शेवटच्या दिवसापर्यंत. आम्ही १०५ दिवसांची एकच जगभराची पॉलिसी घेतली. तीन तुकड्यांत तीन पॉलिसी घेतल्या की मधल्या विमानप्रवासाचा एखादा दिवस उघडा पडतो, आणि पाय मुरगळतो तो त्याच दिवशी. आधीपासूनचा दमा, ॲलर्जी असं काही असेल तर फॉर्मवर लिहा. लपवलं तर दावा तिथेच संपला.

नातेवाइकांकडे राहणार असाल तर नुसतं "माझा भाऊ म्युनिकला असतो" एवढं चालत नाही. प्रत्येक देशाचा निमंत्रणाचा नमुना वेगळा असतो आणि तो भावाला तिकडून मिळवावा लागतो. त्याला दोन महिने आधी कामाला लावा.

अर्जाबरोबर विमानाचं आरक्षण दाखवायचं असतं. पैसे भरून काढलेलं, परत न मिळणारं तिकीट नव्हे.

तपासा, पासपोर्ट हातात आल्या आल्या, केंद्राच्या दारातच: व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी पाहा. पहिली, वैधतेच्या तारखा. दुसरी, मुक्कामाचे दिवस. या दोन्ही एक नव्हेत. वैधता बहुधा पंधरा दिवस जास्त दिलेली असते, राहता येतं मात्र दिवसांच्या आकड्याइतकंच. आमच्या स्टिकरवर वैधता ६४ दिवसांची आणि दिवस ४९. तिसरी, किती वेळा प्रवेश. एकदाच असेल आणि तुम्ही मध्ये चार दिवस लंडनला गेलात, तर परत आत येता येणार नाही. चौघांचे स्टिकर वेगवेगळे तपासा. मुलांचे कधी पालकांहून वेगळे येतात.

मग व्हिएतनामचा ई-व्हिसा, प्रत्येकाचा स्वतंत्र. इथे आमचा गोंधळ झाला. ओळखीच्या एका एजंटाने धाकट्याच्या नावातून वडिलांचं नाव गाळलं, "एवढं चालतं हो" म्हणाला. नाही चालत. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. तेव्हापासून ऑनलाइन फॉर्म आम्हीच भरतो, एकजण वाचतो, दुसरा टाइप करतो.

पर्यटक व्हिसावर तिकडच्या शाळेत मुलाला महिनाभर बसवू, किंवा आपण तिथून ऑफिसचं काम करू, हे गृहीत धरू नका. दोन्हींचे नियम देशागणिक वेगळे आहेत.

## टप्पा ५: लशी, दात, डोळे, औषधं (तीन महिने)

मुलांच्या डॉक्टरांकडे लसीकरणाचं कार्ड घेऊन जा आणि राहिलेल्या लशी विचारा. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांचा विषय काढाच. कार्ड मराठीत किंवा डॉक्टरी अक्षरात असेल तर इंग्रजीत टाइप करून सही-शिक्का घ्या. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येणार असाल तर भारतात परतताना त्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते लागू होतं, आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात.

दातांची तपासणी चुकवू नका. दूरच्या प्रवासात मुलांचं जे हमखास दुखतं ते दात. पुष्कळ पॉलिसींमध्ये त्यासाठी जेमतेम रक्कम असते. चष्मा असेल तर दुसरा जोड आणि नंबराचा कागद.

औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपला ब्रँड तिथल्या फार्मसीला माहीत नसतो. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलच्या गोळ्या आखातात आणि सिंगापुरात परवानगीशिवाय नेणं गुन्हा आहे. जपानला जाणाऱ्यांनी सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन पाहावं.

## टप्पा ६: आता तिकिटं (व्हिसा हातात आल्यावर)

बारा वर्षं पूर्ण झाली की मूल विमानात मोठं धरलं जातं. प्रवासात मध्येच बारावा वाढदिवस येत असेल तर परतीचं भाडं बदलू शकतं. बुकिंगच्या वेळीच विचारा.

पहिल्या देशात उतरताना पुढचं तिकीट मागतात, म्हणून आम्ही भारतातून जाणं, मधली दोन उड्डाणं आणि परतणं एवढं पक्कं केलं. बाकी बस, रेल्वे तिथे गेल्यावर. राहण्याचं पहिले आठ दिवस पक्कं. घर घेताना स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र या दोन गोष्टी आधी पाहते, बाल्कनी नंतर.

युरोपात गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघण्याआधी काढा, एक वर्ष चालतो. तो १९४९ च्या करारातला आहे, म्हणून व्हिएतनाममध्ये उपयोगी नाही. तिथे स्कूटर घेऊन मुलांना पुढे-मागे बसवून फिरणारे खूप दिसतात. अपघात झाला तर विमा हात वर करतो. जर्मनीत बारा वर्षांखालच्या, दीडशे सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला गाडीत वेगळं आसन सक्तीचं आहे. ते गाडीसोबतच आरक्षित करा.

## टप्पा ७: पैसे, सिम आणि ओटीपी (एक महिना)

कार्डावर परदेशी वापर आपोआप सुरू नसतो, बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो. दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या पाकिटांत ठेवा. कार्ड मध्येच संपत नाही ना, ते पाहा. दुकानदाराचं यंत्र "रुपयांत द्यायचं की स्थानिक चलनात?" विचारतं तेव्हा दर वेळी स्थानिक चलन. रुपये निवडलेत की दर तो ठरवतो. परकीय चलनाच्या नोटा माणशी ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात.

भारतीय सिम बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. डेटासाठी तिथलं सिम किंवा ई-सिम, आणि भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद. आमच्या दा लातच्या अकरा दिवसांत नवऱ्याचं रिचार्ज संपलं आणि मेसेज येणं थांबलं. पुढच्या घराचे पैसे भरायचे, ओटीपी येईना. शेवटी पुण्यात रात्री साडेदहाला सासऱ्यांना उठवून रिचार्ज करायला लावलं. निघण्याआधी चार महिन्यांचं एकदम मारा.

## टप्पा ८: सामान आणि डबे

माणशी एक बॅग, आणि ती मुलाला स्वतः ओढता आली पाहिजे. आठवड्याचे कपडे पुरतात, यंत्र आहे ना. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, शंभर वॉट-अवरपर्यंत.

खरी गडबड डब्यांची. आमचं विमान जाताना सिंगापूरला बदलायचं होतं. निघण्याच्या आदल्या रात्री सासूबाईंनी अनारशांचा डबा भरून दिला. वर छान खसखस. सिंगापूर आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत मोडते. कांदा-लसूण मसाल्यात आणि काही घरच्या गोड्या मसाल्यातही ती असते. दुसरं म्हणजे दूध. युरोपीय संघात बाहेरून तूप, पेढे, चीज, मांस काहीच नेता येत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला खाण्याचं काहीही असलं तरी फॉर्मवर जाहीर करा. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या एका सफरचंदालाही ४०० डॉलर दंड होतो. मेतकूट, भाजणी, खसखस नसलेला मसाला, पोहे, असं कोरडं न्या आणि पाकिटावर इंग्रजीत नाव चिकटवा.

सपाट बुडाचा छोटा कुकर नेलात तर बुकिंग केलेल्या सामानात. परदेशी घरात फोडणी देताना आधी खिडकी उघडा. इन्सब्रुकला मोहरी तडतडली आणि अख्ख्या इमारतीची घंटा वाजली.

## टप्पा ९: घर बंद करणं (शेवटचे चार दिवस)

पावसाळ्यात घर बंद राहणार हे लक्षात ठेवा. कपाटं कोरडी करून दारं किलकिली ठेवा, नाहीतर चपला-पर्स हिरव्या होतात. पाण्याचा मुख्य कॉक बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून, फ्रिज रिकामा करून उघडा. वीजबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स आगाऊ. किल्ली आणि कागदांच्या प्रती अशा माणसाकडे ठेवा जो फोन उचलतो.

## टप्पा १०: प्रवासातला दिवस आणि अभ्यास

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. टॅबवर उतरवून घ्या, छापील पुस्तकं नेऊ नका. निघण्याआधी शिक्षिकांना एवढंच विचारा: ऑगस्टपर्यंत कोणकोणते धडे होतील? सगळे विषय रोज करायला जाल तर तिसऱ्या दिवशी रडारड होते. आम्ही सकाळी नाश्त्यानंतर दीड तास, फक्त गणित आणि मराठी. विज्ञान, परिसर अभ्यास आठवड्यातून दोनदा. बाकी वेळ मोकळा.

मराठीचं लेखन सोडू नका. बोलणं टिकतं, जोडाक्षरं सुटतात. रोज आठ ओळी वहीत, काय खाल्लं एवढं लिहिलं तरी चालेल. धाकट्याच्या वहीत तेरा दिवस नुसते नूडल्स आहेत.

गणितासाठी व्हिएतनामच्या नोटा मात्र पुस्तकापेक्षा भारी. वीस हजार आणि पाच लाखाची नोट, दोन्ही निळसर. पहिल्याच आठवड्यात मी शहाळ्यासाठी वीस हजार समजून पाच लाख पुढे केले. धाकट्याने माझा हात धरला: "आई, शून्य मोज." त्यानंतर पाकीट त्याच्याकडे. फक्त स्वल्पविरामाचा घोळ होतो. आपण लाख-कोटीने तोडतो, तिथे तीन-तीन आकड्यांनी, आणि तेही टिंब देऊन.

शाकाहारींसाठी एक शब्द: व्हिएतनाममध्ये शाकाहाराला "चाय" म्हणतात. पाटीवर तो शब्द असलेली खानावळ शोधा. इतर ठिकाणी भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो.

सावधान: पासपोर्ट हरवला तर दूतावास तात्पुरतं प्रमाणपत्र देतो, पण ते फक्त भारतात परतण्यासाठी असतं. नवा पासपोर्ट मिळाला तरी त्यावर तुमचे व्हिसे नसतात. म्हणजे एकाचा पासपोर्ट गेला की चौघांचा प्रवास संपतो. चारही पासपोर्ट एकाच पाउचमध्ये घेऊन फिरू नका. मुलांच्या खिशात आपला तिथला नंबर आणि घराचा पत्ता स्थानिक लिपीत असू द्या.

दर रविवारी तपासा: कोणता व्हिसा किती दिवस उरला, कोणतं औषध संपत आलं, सिमची मुदत, पुढच्या देशाचा ऑनलाइन फॉर्म.

## टप्पा ११: परतल्यावर

शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री उतरू नका. युरोपातून आल्यावर मुलांना सकाळी उठणं जड जातं, चार दिवस हाताशी ठेवा. आम्ही दहा तारखेला उतरलो आणि अकरा तारखेला शाळेत पाठवलं. धाकटा दुसऱ्या तासाला बाकावर झोपला, बाईंनी फोन करून न्यायला बोलावलं.

पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना कुठून आलात ते आपणहून सांगा.

हजर झाल्याचं पत्र शाळेला द्या, पुन्हा पोच घ्या, आणि ऑनलाइन नोंदीत नाव चालू आहे ना हे कार्यालयातल्या लिपिकांना विचारून घ्या. राहता राहिल्या वह्या. सगळ्या विषयांचं मागचं लिखाण उतरवून काढायला मुलांना बसवू नका. बाईंना भेटून कोणत्या दोन वह्या तपासल्या जाणार ते विचारा आणि तेवढ्याच पुऱ्या करा. आम्हाला त्याला नऊ संध्याकाळ लागल्या.